भंडाऱ्याची पोटनिवडणूक आणि विरोधी बाकावरचे बॅरिस्टर

फेब्रुवारी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भंडारा लोकसभा मतदारसंघाबद्दल एक निकाल दिला. निवडणूक कायद्याचा अभ्यास करणारे वकील आजही तो वाचतात. ज्या भागातून तो खटला उभा राहिला, त्या भागाला मात्र त्याची फारशी आठवण नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथून काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले होते. ते भागीदार असलेल्या विडी कंपनीचा सैनिकांसाठी विड्या पुरवण्याचा केंद्र सरकारशी करार होता, आणि सरकारला माल पुरवणाऱ्याला खासदारकीसाठी उभे राहता येत नव्हते. त्याच निवडणुकीत राखीव जागेसाठी आलेला गंगाराम ठवरे यांचा अर्ज फेटाळला गेला होता. त्यांनी महानुभाव पंथाची दीक्षा घेतली होती, तेव्हा ते महार उरले नाहीत, असे कारण देण्यात आले होते. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकालात या दोन्ही गोष्टींचा बारकाईने विचार केला. माणसाने पंथ बदलला तर जुना समाज त्याला आपला मानतो का, तो स्वतः स्वतःला काय समजतो, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात, हे पाहून ठवरे महारच आहेत असे न्यायालयाने ठरवले. जसानी अपात्र ठरले, ठवरेंचा अर्ज चुकीने फेटाळला गेला होता हे मान्य झाले, आणि दोन्ही जागांची निवडणूक नव्याने घ्यावी लागली.

त्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि सुमारे ८ हजार मतांनी हरले. प्रस्तुत संग्रहाचा विषय या एका वाक्यापुरताच असता, तर त्याला एवढी पाने लागली नसती.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. १९५४ मध्ये गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता; राजधानी नागपूर. मालगुजारी कायद्याने नुकतीच संपली होती, पण मालगुजारांचे तलाव, त्यांच्या जमिनी आणि त्यांचा शब्द गावात शाबूत होता. जंगलातला तेंदूपत्ता, धानाच्या गिरण्या आणि विडी कारखाने यांच्यावर हजारो घरे चालत. विड्या वळणाऱ्यांत महार स्त्री-पुरुषांची संख्या मोठी होती. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच दलित मुलींसाठी शाळा काढली होती, आणि पुढे ते मध्य प्रांताच्या कायदेमंडळातही गेले. म्हणजे १९५४ मध्ये बाबासाहेब प्रचाराला आले, तेव्हा इथली जमीन कोरी नव्हती. तीस-चाळीस वर्षांची चळवळ तिच्यात मुरलेली होती.

आमच्या भागात या निवडणुकीविषयी बोलण्याची एक ठरलेली रीत आहे. ‘आपल्या जिल्ह्याने बाबासाहेबांना पाडले’ असे म्हणायचे, मान खाली घालायची आणि विषय सोडून द्यायचा. या बोलण्यामागची वेदना खरी आहे, पण ते पुरेसे नाही. त्यात सव्वा लाखाहून अधिक मतदार गडप होतात. घराला वीज नाही, हाताला नीट मजुरी नाही, मतदानाची ही आयुष्यातली दुसरी-तिसरी वेळ, अशा माणसांनी दिल्लीतल्या सरकारविरुद्ध बोलणाऱ्या एका बॅरिस्टरला मत दिले होते. पराभवाची लाज सांगताना त्या मतांची नोंद घेतली जात नाही, ही गोष्ट मला फार खटकते.

हा बॅरिस्टर वकिलीकडून राजकारणाकडे कसा वळला, हे समजून घेतल्याशिवाय त्याचा विरोधी पक्षही समजत नाही. १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आणि पुढच्या वर्षी सनद घेऊन ते मुंबईत वकिली करू लागले. सनदेच्या फीसाठी पैसे नव्हते. ते नवल भथेना या मित्राने दिले. बड्या पेढ्यांचे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरकडे कामे पाठवत नसत. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांच्याकडे येणारे पक्षकार बहुतेक गिरणी कामगार, खेडुत आणि अडचणीत सापडलेले कार्यकर्ते होते. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांचे अपील बाबासाहेबांनी पुण्यात चालवले आणि जिंकले. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यात त्यांनी कर्व्यांची बाजू मांडली आणि ते हरले. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची बाजूही तेच मांडत आणि ब्राह्मण समाजसुधारकाचीही. आपले विचार बेधडक मांडणाऱ्याच्या मागे कायद्याने उभे राहायचे, ही सवय त्यांना वकिलीतच लागली.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत शिकवणारा खटला मात्र असा आहे, ज्यात ते स्वतः प्रतिवादी होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तोवर सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणला. हजारो माणसे महाडात जमलेली, लोक तळ्याकडे निघायला आतुर. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. न्यायालयाचा हुकूम होता, दावा न्यायालयातच लढायचा होता. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने गेले, पाण्याला हात लावला नाही. पुढे दहा वर्षे हा दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्या पीठाने निकाल दिला: अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट सवर्णांना सिद्ध करता आली नाही. हेच ब्रूमफिल्ड १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा देणारे न्यायाधीश होते. महाडच्या त्या डिसेंबरातल्या दिवशी थांबायचा निर्णय अनेकांना पटला नव्हता, आणि आजही काहींना पटत नाही. मला तो त्यांच्या राजकारणाचा पाया वाटतो. ज्या व्यवस्थेने आपल्याला पाण्यापासून दूर ठेवले, तिच्याच न्यायालयात तिला पुरावा आणायला भाग पाडायचे, आणि तो आणता आला नाही हे जगाच्या नोंदीवर ठेवायचे.

राजकारणात त्यांनी हीच पद्धत वापरली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबईच्या विधानसभेत विरोधी बाकावर बसून त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप झाला, त्यात कम्युनिस्टही त्यांच्या बरोबर होते. म्हणजे १९५१ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले, तेव्हा विरोधकाची भूमिका त्यांना नवी नव्हती. मधली मंत्रिपदाची वर्षे त्यांच्या राजकीय आयुष्यात थोडी आहेत. सामान्य वाचकाच्या मनात मात्र घटना समितीतले बाबासाहेब एवढे ठसले आहेत की, पुढची पाच वर्षे एखाद्या पुरवणीसारखी वाचली जातात.

तशी ती नाहीत. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले होते; अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष होत होते; परराष्ट्र धोरण त्यांना मान्य नव्हते. संसदेत आपले निवेदन करण्याआधी त्याची प्रत सादर करा, असे सांगण्यात आल्यावर त्यांनी ते १० ऑक्टोबरला सभागृहाबाहेर प्रसिद्ध केले. नंतर मुंबई उत्तर मतदारसंघात त्यांचा पराभव झाला. १९५२ मध्ये ते राज्यसभेत गेले आणि मृत्यूपर्यंत तिथे विरोधी बाकावर होते.

डिसेंबर १९५२ मध्ये पुण्याच्या जिल्हा विधी ग्रंथालयात वकिलांसमोर त्यांनी लोकशाही यशस्वी होण्यासाठी काय लागते, यावर भाषण केले. समाजात टोकाची विषमता नको, कायद्यापुढे आणि कारभारात समानता हवी, घटनात्मक नीती हवी, बहुमताने अल्पमताला चिरडू नये, समाजाला नैतिक अधिष्ठान आणि सार्वजनिक सदसद्विवेकबुद्धी हवी, अशा अटी त्यांनी सांगितल्या. विरोधी पक्ष असणे ही त्यांतली एक ठळक अट होती. इंग्लंडमध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, याकडे त्यांनी वकिलांचे लक्ष वेधले. कोर्टात दुसरी बाजू मांडणारा वकील नसेल तर निकालावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला रोजच्या अनुभवातून ठाऊक होते. सरकारबाबतही तेच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची लोकशाहीची कल्पना वकिलीत घडली, असे मी म्हणतो ते यामुळे.

आता भंडाऱ्याकडे येऊ. या संग्रहातले सर्वांत महत्त्वाचे लेखन याच विषयावर आहे. तेव्हा काही मतदारसंघ दोन जागांचे असत: एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, काँग्रेसची बैलजोडी. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकता येत नव्हत्या. तसे केले तर एक बाद होई. राखीव जागेवर अनुसूचित जातीचा उमेदवार निवडून येई, पण त्याला मते द्यायला सगळे मतदार मोकळे होते. १९३२ च्या पुणे करारापासून बाबासाहेब ज्या धोक्याबद्दल बोलत होते तो इथे उघड दिसतो. ज्याला स्वतःच्या समाजाचा सर्वांत मोठा पाठिंबा आहे तोच निवडून येईल, याची हमी संयुक्त मतदारसंघात नसते.

हिशेबी राजकारण सांगत होते की, फेडरेशनच्या मतदारांनी एक मतपत्रिका हत्तीच्या पेटीत टाकावी आणि दुसरी वाया घालवावी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मतांत भर पडणार नाही. बाबासाहेबांनी हा सल्ला नाकारला आणि दुसरे मत प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना द्यायला सांगितले, असे सांगितले जाते. घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवा असे लोकांना कसे सांगायचे, असा त्यांचा प्रश्न होता, अशी आठवण आहे. आठवणींत शब्द बदलतात, पण ही आठवण मला खरी वाटते, कारण तिच्यामागे कागदोपत्री पुरावा उभा आहे. १९५२ च्या मुंबईतल्या निवडणुकीत ७० हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या होत्या. दुसरे मत वाया घालवण्याचा प्रचार झाला, असा आरोप करून आंबेडकर आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून निवडणूक याचिका दाखल केली होती. ती फेटाळली गेली. ज्या गोष्टीविरुद्ध आपण न्यायालयात गेलो, तीच दोन वर्षांनी आपल्या फायद्यासाठी लोकांना करायला सांगणे त्यांना शक्य नव्हते. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले होते आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. फेडरेशनच्या मतदारांनी मेहतांना मते दिली, समाजवाद्यांच्या सगळ्या मतदारांनी हत्तीला दिली नाहीत, असा अर्थ या निकालातून निघतो. बोरकरांच्या निधनानंतर १९५५ मध्ये त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर याच जागेवरून लोकसभेत गेल्या, आणि १९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघच संपले.

पोटनिवडणुकीच्या प्रचारसभांमध्ये बाबासाहेब स्थानिक गाऱ्हाण्यांवर थांबले नाहीत. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर त्यांनी टीका केली. विडी वळणाऱ्या, धान लावणाऱ्या श्रोत्यांपुढे आंतरराष्ट्रीय राजकारण बोलणे काही चरित्रकारांना अव्यवहार्य वाटले आहे. मला त्यात श्रोत्यांविषयीचा आदर दिसतो. देशाचा कारभार समजून घेण्याचा हक्क रेल्वे जंक्शनवरच्या हमालालाही आहे, असे मानणारा माणूसच असे भाषण करतो.

बाबासाहेबांच्या चरित्रलेखनाचा विस्तार आता एवढा आहे की नवख्या वाचकाला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. थोडी दिशा देतो. चांगदेव खैरमोडे यांनी त्यांच्या हयातीतच चरित्राचे खंड लिहायला घेतले. खैरमोड्यांच्या लेखनात कागद, पत्रे, माणसे यांचा अफाट साठा आहे आणि संग्राहकाची भक्ती आहे. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्येच आले. ते एकसंध आणि वाचनीय आहे, आणि भंडाऱ्याची निवडणूक त्यात थोडक्यात येते. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने भाषणे आणि लेखन खंडरूपाने काढले. त्याचे संपादन करणारे वसंत मून नागपूरचे. ‘वस्ती’ या आत्मकथनात त्यांनी विदर्भातल्या चळवळीचे घरातून दिसणारे चित्र रेखाटले आहे. एलिनॉर झेलियट, य. दि. फडके, रावसाहेब कसबे यांनी चिकित्सेची वाट धरली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथाने चळवळीतल्या स्त्रिया पहिल्यांदा नावानिशी समोर आणल्या. या सगळ्या परंपरांचे ऋण मानूनही एक गोष्ट सांगायला हवी. घटनाकार, धर्मांतर करणारे महापुरुष, अर्थतज्ज्ञ म्हणून बाबासाहेब खूप लिहिले गेले. निवडणूक लढवणारे, हरणारे, याचिका दाखल करणारे, युती करणारे आणि पुन्हा पक्ष उभारू पाहणारे बाबासाहेब मात्र त्या मानाने थोडे लिहिले गेले.

वकील राजकारणात येण्याची परंपरा विदर्भात जुनी आहे. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, यवतमाळचे बापूजी अणे, नागपूरचे बॅरिस्टर अभ्यंकर ही नावे घरोघर ठाऊक होती. ही मंडळी परक्या सरकारविरुद्ध लढली, आणि त्या लढ्यात सारा समाज त्यांच्या पाठीशी होता. स्वराज्यानंतर लोकप्रिय, निवडून आलेल्या, स्वातंत्र्याचे पुण्य गाठीशी असलेल्या सरकारविरुद्ध उभे राहणे ही वेगळी आणि अवघड गोष्ट होती. ती वाट बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत चालवली. न्यायमूर्तिपद सोडून आलेले व्ही. एम. तारकुंडे १९७४ मध्ये जयप्रकाशांबरोबर ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’च्या स्थापनेत होते. चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे बाबासाहेबांच्या तालमीत तयार झाले आणि पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. जगाच्या नकाशावर पाहायचे तर जोहान्सबर्गमध्ये मंडेला आणि टॅम्बो यांनी १९५२ मध्ये वकिलीचे कार्यालय थाटले होते. भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीच्या दिवसांत तेही काळ्या पक्षकारांच्या फायली घेऊन गोऱ्यांच्या न्यायालयात उभे राहत होते.

हा विषय आज का हाती घ्यायचा? २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नव्हता, आणि नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर महाराष्ट्र विधानसभेत एकाही विरोधी पक्षाला दहा टक्के जागा मिळाल्या नाहीत. हे कोणत्या पक्षाच्या फायद्याचे, हा वाद इथे करायचा नाही. पुण्याच्या त्या भाषणात विरोधी पक्षाला लोकशाहीची अट मानणारा माणूस आज ज्याच्या-त्याच्या व्यासपीठावर तसबिरीत असतो, आणि तसबिरीखाली बसलेल्यांनी ती अट वाचलेली नसते. दुसरे कारण जवळचे आहे. आमच्या भागातल्या तालुका न्यायालयांत आज दलित, आदिवासी, ओबीसी घरांतले तरुण वकील मोठ्या संख्येने आहेत, त्यांत मुलीही आहेत. वनहक्क, धानाचा बोनस, जातपडताळणी ही त्यांची रोजची कामे. यांतले काही उद्या राजकारणात जातील. त्यांच्यापुढे ठेवायला जिंकलेल्यांची चरित्रे भरपूर आहेत. हरल्यानंतर काय करायचे, हे सांगणारे चरित्र हवे. बाबासाहेबांनी १९५४ नंतर काय केले ते पाहा. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर पुस्तक लिहून महाराष्ट्राच्या विभागणीचा आराखडा मांडला, त्यात विदर्भाचे स्वतंत्र राज्य होते. जुलै १९५६ मध्ये राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत प्रशिक्षण शाळा सुरू केली. राममनोहर लोहियांशी पत्रव्यवहार केला. सगळ्या वंचितांना सामावून घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची आखणी केली. तो त्यांच्या पश्चात ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. पंथ बदलला की माणसाची जात उरते का, हा भंडाऱ्याच्या खटल्यातला प्रश्न त्या दिवसापासून लाखो घरांचा झाला. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात मिळायला १९९० उजाडले. म्हणून त्या खटल्याच्या निकालपत्राचा या संग्रहात सविस्तर परामर्श घेतला आहे. बाबासाहेबांवरच्या संग्रहात निवडणूक कायद्यावर एवढा भर कशाला, असे कुणी विचारील. हा संग्रह ज्या माणसाबद्दल आहे, त्याने स्वतः कायद्याचा प्रत्येक शब्द वाचल्याशिवाय कशावरही सही केली नसती.

या पुस्तकातले लेख एकसुरी नाहीत. काही लेखकांना समाजवाद्यांशी केलेली युती चूक वाटते, काहींना दुसरे मत वाया घालवण्यास नकार देणे हा राजकीय भोळेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही, हे वर आलेच आहे. पण त्यांचे युक्तिवाद कापलेले नाहीत. स्त्रियांच्या वाट्याला आलेली पाने कमी आहेत, ही उणीव आहे. विडी कारखान्यांतल्या बायांनी त्या निवडणुकीत काय केले, हे कागदपत्रांत जवळजवळ नाही. तेव्हा मतदानाचे वय २१ होते, म्हणजे त्या वेळचा सर्वांत तरुण मतदारही आता नव्वदी ओलांडून गेला आहे. पण सभांना आईच्या कडेवर गेलेली, पेटीवरचा हत्ती पाहिलेली माणसे अर्जुनी मोरगाव, सालेकसा, साकोली, लाखांदूरकडे अजून भेटतील. हे पुस्तक वाचून कुणी त्यांच्याकडे वही घेऊन गेले, तर पुढच्या आवृत्तीत त्यांच्या आठवणींना पहिले पान द्यावे, असे मी संपादकांना सांगून ठेवले आहे.